फावड्याची चकाकी: झाडीतल्या खड्ड्याची तिसरी नोंद

मागच्या नोंदीतली एक घोषणा मागे घेते. मातीचे थर तपासायला खणलेल्या दुसऱ्या खड्ड्याच्या भिंतीवर ४० सेंटिमीटरच्या खाली चकाकी दिसली होती. तिला मी ‘चिकणमातीचे पापुद्रे’ म्हटलं, त्या थराला बीटी हे नाव दिलं आणि तेवढ्यावर अख्ख्या मातीचं वर्गीकरण उरकून मोकळी झाले. ती चकाकी माझ्या फावड्याची होती.

शोध माझा नाही, टेप धरायला आलेल्या भाच्याचा. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मावशी, हे तर सारवल्यासारखं दिसतंय. आत बघितलंस का?” नव्हतं बघितलं. ढेकूळ काढून हाताने उकललं तर आतले पृष्ठभाग मंद, मातकट. ओल्या चिकण मातीवरून पातं ओढलं की ती गुळगुळीत होणारच, त्यात हजारो वर्षांच्या पाण्याचं काही कर्तृत्व नाही. म्हणून खड्डा क्रमांक तीन.

एका अक्षरासाठी एवढा खटाटोप का, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मातीचे थर वरून खाली ए, ई, बी अशा अक्षरांनी ओळखतात. बी थरात नुसता रंग आणि ढेकळांची घडण बदलली असेल तर तो बीडब्ल्यू. वरच्या थरातली चिकणमाती वाहत येऊन तिथे साचली, ढेकळांवर तिचे पापुद्रे धरले असतील तर बीटी. पहिल्या बाबतीत वर्गीकरणाच्या अमेरिकी पद्धतीत माती बहुधा इन्सेप्टिसॉलमध्ये जाते आणि जागतिक पद्धतीत कॅम्बिसॉलमध्ये. दुसऱ्या बाबतीत अल्फिसॉल किंवा लुव्हिसॉलची दारं उघडतात. म्हणजे सगळी मदार त्या पापुद्र्यांवर.

जागा या वेळी नीट निवडली. झाडीतल्या जमिनीवर खळगा आणि शेजारी उंचवटा अशी जोडी दिसली की तिथे कधीतरी एखादं मोठं झाड मुळांसकट उलटलेलं असतं. तिथले थर घुसळलेले असतात, खणून हाती गोंधळ लागतो. (पहिला खड्डा आठवतोय ना? तोच प्रकार.) आता सपाट जागा घेतली, खोडांपासून दूर. दोन ताडपत्र्या अंथरल्या, एक वरच्या काळ्या मातीसाठी, एक खालच्या मातीसाठी, म्हणजे बुजवताना क्रम चुकत नाही. खोली १२० सेंटिमीटर. पाऊस पडून चार दिवस झाले होते आणि वाफसा उत्तम होता. मातीचं वर्णन करायला याहून चांगली वेळ नाही: फार ओली असेल तर सगळं चोपडं दिसतं, वाळलेली असेल तर सगळंच ढेकूळ.

भिंत फावड्याने तासून झाल्यावर पुन्हा सुरीच्या टोकाने टोचत, उचकटत वरून खाली आले. कापायचं नाही, उकलायचं. माती जिथे आपणहून फाटते तिथे तिची खरी घडण दिसते. ५० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याला पाऊण तास लागला. उचकटल्यावर भिंत ओबडधोबड दिसते, फोटो वाईट येतो, त्याला इलाज नाही.

सगळ्यात वर पालापाचोळा, जेमतेम ३ सेंटिमीटर. वरची पानं अजून ओळखू येतात, खालची अर्धी कुजून एकमेकांना चिकटलेली. त्याखाली काळा, चिकट, पूर्ण कुजलेला थर असेल म्हणून शोधला, मिळाला नाही. पाचोळा संपतो तिथे लगेच दाणेदार माती. गांडुळांची कामगिरी: पानं खाली ओढून मातीत कालवून टाकतात. अशा रचनेला ‘मल’ म्हणतात. डॅनिश वनतज्ज्ञ पी. ई. म्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मल’ आणि ‘मोर’ हा भेद मांडला. मोरमध्ये पाचोळा मातीत मिसळत नाही, वर गोधडीसारखा साचून राहतो.

मग ए थर, ० ते ९ सेंटिमीटर. मोजणी खनिज मातीच्या माथ्यापासून, पाचोळा वेगळा. ओला रंग १० वायआर ३/२ (मुन्सेल रंगपट्टीचा संकेत: आधी छटा, मग उजळपणा/तीव्रता), गर्द तपकिरी. रव्यासारखी दाणेदार घडण, बारीक मुळांची जाळी, हातात घेतली की भुसभुशीत. खालची सीमा ३-४ सेंटिमीटरमध्ये बदलते, म्हणजे ‘स्पष्ट’, आणि लाटेसारखी वरखाली जाते. या लाटेने मला बरं वाटलं. इथे कधीकाळी नांगर फिरला असता तर १५-२० सेंटिमीटरवर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मिळाली असती. बऱ्याच जुन्या दिसणाऱ्या झाडीखाली ती मिळते आणि ती जागा एके काळी शेत होती हे उघड होतं. इथे तसं काही नाही.

रंगाबद्दल एक भानगड सांगायलाच हवी. मुन्सेलच्या पट्ट्या मी पहिल्यांदा खड्ड्यातच उभं राहून लावल्या. पानांतून गाळून आलेल्या हिरवट उजेडात ए आणि त्याखालचा ई या दोन्ही थरांची तीव्रता एकेक पायरी कमी वाचली गेली. ढेकळं उचलून मोकळ्या उन्हात नेली, पाणी शिंपडून पुन्हा वाचली तेव्हा आकडे जुळले. आल्बर्ट मुन्सेल चित्रकार होते आणि कलाशिक्षकही. १९०५ मध्ये त्यांनी छटा, उजळपणा आणि तीव्रता या तीन मापांत रंग बसवला. चित्रकाराची पद्धत मातीवाल्यांनी उचलली, तर उजेडाचं पथ्यही पाळायला हवं. मोबाइलच्या फोटोवरून रंग ठरवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

९ ते २८: ई थर. जुन्या पुस्तकांत हाच ए२ म्हणून सापडेल. रंग १० वायआर ५/३, फिकट, धुतल्यासारखा. वाळल्यावर आणखी पांढरट होतो, तेव्हा ओला की कोरडा हे आकड्यापुढे लिहिलंच पाहिजे. घडण कमजोर, आडव्या पातळ चकत्या, बोटाने दाबल्या की पीठ. इथून निघून गेलेला माल खाली कुठेतरी असणार, ही आशा या थराकडे पाहून वाढते. पण फिकट थर म्हणजे पुरावा नव्हे. सेंद्रिय द्रव्य कमी असल्यानेही माती फिकट दिसते. मागच्या वेळी मी हेही विसरले होते.

आता पोत. शब्दाचा एक घोळ आधी मिटवते: पोयटा हा शब्द मराठीत दोन कामं करतो. कधी वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या समतोल मिश्रणाला, कधी नुसत्या मधल्या आकाराच्या कणांना. या नोंदीत पोयटा म्हणजे मिश्रण. २ ते ०.०५ मिलिमीटरची वाळू, ०.०५ ते ०.००२ चा गाळ, त्याहून बारीक ती चिकणमाती.

ई थराची माती भिजवून कणकेसारखी मळली, अंगठ्याने पुढे ढकलत फीत काढली. २ सेंटिमीटरवर तुटली. अडीचच्या आत तुटली की पोयटा, अडीच ते पाचमध्ये चिकण पोयटा, पाचच्या पुढे गेली की चिकणमाती, हा ढोबळ हिशेब. ४५ सेंटिमीटरवरच्या मातीची फीत ४ सेंटिमीटर गेली आणि बोटांना चिकटून बसली. फरक हातालाच कळतो. तरी मागचा अनुभव पाहता हातावर विसंबायचं नव्हतं म्हणून बरण्या लावल्या.

दोन्ही नमुने वाळवून, कुटून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढले. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून खळाखळा हलवले. हे रसायन चिकणमातीचे गठ्ठे सुटे करतं. नाहीतर ते गठ्ठेच गाळाचं सोंग घेऊन लवकर तळाशी बसतात. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे वाळू मिनिटभरात, गाळ दोनेक तासांत आणि चिकणमाती दिवसेंदिवस. तिसऱ्या दिवशी पट्टी लावली. ई थराच्या ६० मिलिमीटर साक्यात वाळू २७, गाळ २४, चिकणमाती ९. म्हणजे ४५, ४० आणि १५ टक्के: सरळ पोयटा. बी थराच्या तेवढ्याच साक्यात २१, २० आणि १९, म्हणजे ३५, ३३ आणि ३२ टक्के: चिकण पोयटा.

बीटीचा नियम सांगतो की वरच्या थरात १५ ते ४० टक्के चिकणमाती असेल तर खालच्या थरात किमान १.२ पट हवी. १५ ला १८ पुरले असते. माझ्याकडे ३२ आहेत. बरणीत घनफळ मोजलं जातं, वजन नाही, आणि ताजी बसलेली चिकणमाती फुगीर असते. त्यामुळे ३२ हा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुपटीचा फरक एवढ्या चुकीने पुसला जात नाही.

तरी वाढलेली चिकणमाती वरूनच आली हे त्यातून सिद्ध होत नाही. ती तिथल्या तिथे खनिजं झिजूनही तयार होऊ शकते किंवा मुळातच वेगळ्या गाळाचा थर असू शकतो. वाहत आली असेल तर वाटेवर खुणा हव्यात.

२८ ते ३७ हा संक्रमणाचा पट्टा, बीई. त्याखाली ३७ ते ६२: रंग ७.५ वायआर ४/४, लालसर तपकिरी, बोथट कोनांची गोळेवजा ढेकळं, सुपारीपासून लिंबाएवढी. इथली वीस ढेकळं काढली, हाताने उकलली आणि सावलीत दोन तास सुकू दिली. ओलीची चमक निघून जावी म्हणून. मग दहापट भिंग.

वीसपैकी अकरा ढेकळांवर मिळाले! मेणासारखा तुकतुकीत थर, ढेकळाच्या आतल्या रंगापेक्षा एक पायरी गडद. सुईने उचकटला तर त्याला जाडी आहे, कड दिसते. आणि खरी खूण म्हणजे वाळूचे कण त्याखाली बुडालेले, पांघरूण घेतल्यासारखे. फावड्याच्या किंवा नुसत्या दाबाने आलेल्या चकाकीत वाळूचे कण वर डोकावतात, आत-बाहेर रंग एकच असतो आणि सोलायला काही निघत नाही. जुन्या मुळांच्या पोकळ नळ्यांतही अस्तर मिळालं. तिथे कुठलं फावडं पोचणार? भाच्याला भिंग दिलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “हां, हे सारवलेलं नाही.” प्रमाणपत्र मिळालं.

हे घडतं कसं, तर पाऊस मुरताना ई थरातली अतिसूक्ष्म चिकणमाती पाण्यात तरंगत भेगांतून आणि नळ्यांतून खाली येते. खालची कोरडी ढेकळं पाणी शोषून घेतात, कण मात्र भिंतीवर राहतात, चपटे, एकावर एक आडवे निजलेले. म्हणून ती तुकतुकी. यासाठी आलटून पालटून भिजणं आणि वाळणं लागतं आणि चुना आधी निघून गेलेला असावा लागतो, कारण कॅल्शियम कणांचे गठ्ठे बांधतं आणि त्यांना हलू देत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब प्रत्येक थरावर टाकले: ११० सेंटिमीटरपर्यंत कुठेही फसफस नाही. सामू (पीएच) ए थरात ६, ई मध्ये ५.५, बी मध्ये पुन्हा ६ च्या आसपास. आम्लता फार वाढली की अॅल्युमिनियम मोकळं होऊन तेही गठ्ठे बांधतं आणि प्रवास थांबतो. इथे तशी वेळ आलेली नाही.

खाली भराभर. ६२ ते ९५ मध्ये रंग ७.५ वायआर ४/६, पापुद्रे ७० च्या पुढे विरळ, ७८ च्या खाली गंजाचे बारीक ठिपके आणि थोडे राखाडी डाग. पाणी काही काळ तुंबत असावं. ९५ नंतर ढेकळांची घडण विरते आणि ११० ला मुरूम लागला.

तर नाव. ए थर अवघा ९ सेंटिमीटर, म्हणून गर्द रंग असूनही मॉलिसॉल (जाड, गर्द वरच्या थराची माती) नाही. बीटी आता खरा. उरतात अल्फिसॉल आणि अल्टिसॉल, आणि त्यांच्यातली सीमा खोलवरच्या ३५ टक्के विनिमय-क्षारांच्या संपृक्ततेवर (म्हणजे मातीच्या कणांनी धरलेल्या आयनांत कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्यांचा वाटा किती यावर) ठरते. ती घरच्या पट्ट्यांवर मोजता येत नाही, शिवाय ती ज्या खोलीवर तपासायची तिथवर माझा खड्डा पोचलेलाच नाही. सामू पाहता अल्फिसॉलकडे झुकते. वहीत पेन्सिलने ‘अल्फिसॉल, जागतिक पद्धतीत बहुधा लुव्हिसॉल’ असं लिहिलंय. थरांचं वर्णन मात्र शाईने.

खड्डा बुजवला, काळी माती शेवटी, पाचोळा वर पसरला. अकरा ढेकळांपैकी चार डबीत ठेवली आहेत. एक विचारायचं राहिलं: ६२ ची रेघ मी रंगावरून मारली, पण पापुद्रे विरळ होतात ते ७० च्या पुढे. बीटीचा वरचा भाग बीटी१ आणि खालचा बीटी२, ही फाळणी तुम्ही कशावरून करता, रंगावरून की पापुद्र्यांवरून?