खांदो बरो मा?

मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी गेले होते. मागीलदारी काकी आमसुलांना पुट देत बसली होती, रतांब्याच्या रसात साली बुडवायच्या, पिळायच्या, परत उन्हात. आईने तिला माझं 'ते' सांगितलेलं होतंच. तिने वर न बघता विचारलं, "खांदो दुखललो तुझो?"

मी बघतच राहिले. मी राहते तिथे, इंग्लंडात बर्मिंगहॅमला, डॉक्टरांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता.

झालं असं की गेल्या वर्षी मला दिवस गेले. सहाव्या आठवड्यात थोडा तपकिरी डाग दिसला, डावीकडे ओटीपोटात दुखायला लागलं. इथे बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात सुरुवातीच्या गरोदरपणासाठी वेगळं युनिट असतं. तिथे सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी दिसली. मग रक्तातलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, बघितलं आणि अठ्ठेचाळीस तासांनी परत यायला सांगितलं. गर्भ नीट वाढत असला तर या अवस्थेत तो आकडा साधारण तेवढ्या वेळात दुप्पट होतो. त्याची वाढ रेंगाळली, तर गर्भ टिकत नाहीये किंवा भलत्या जागी रुजलाय अशी शंका घेतात. भलत्या जागी म्हणजे बहुतेक वेळा गर्भनलिकेत. आपल्याकडे बायका 'नळीत राहिलं' म्हणतात.

ते अठ्ठेचाळीस तास पुरे झालेच नाहीत. दुसऱ्या रात्री उजव्या खांद्याच्या टोकाला अशी कळ आली की आडवं होता येईना. व्हॉट्सअ‍ॅपवर आईला सांगितलं. ती म्हणाली, गॅस असेल, ओवा चाव. मी चावलासुद्धा! निघताना हातात दिलेल्या कागदावर 'खांदा दुखला तर लगेच या' असं छापलेलं होतं, आणि तो कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली होता. पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले तेव्हा नवऱ्याने तो वाचला.

नळी फुटली की रक्त पोटात साचतं, श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली) जातं आणि तिथली नस चाळवते. ती नस मानेतून येते, खांद्याच्या संवेदना येतात त्याच मुळांतून. म्हणून मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. दुर्बिणीतून ऑपरेशन करून माझी डावी नळी काढली. गंमत म्हणजे त्यानंतरही दोन दिवस खांदा दुखला. या वेळी मात्र खरंच गॅसमुळे, कारण ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात. आईचं निदान थोडं लवकर आलं एवढंच. (याच बर्मिंगहॅमात १८८३ साली लॉसन टेट नावाच्या सर्जनने फुटलेली नळी काढून एका बाईला वाचवलं होतं. ही माहिती मला सहा महिन्यांनी सापडली.)

घरी सोडण्याआधी नर्सने एक फॉर्म पुढे केला. जे काढलं त्याचं काय करायचं? दहन, दफन, की हॉस्पिटलवर सोपवायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉस्पिटलवर सोपवलं, सही केली.

काकीला कुणी फॉर्म दिला नव्हता. तिची गोष्ट १९९०च्या आसपासची. दोन मुलं झाल्यावर तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. काका मुंबईला नोकरीला, चतुर्थीला येऊन गेलेले. भातकापणीच्या दिवसांत तिच्या पोटात दुखायला लागलं. "मी म्हटलंय, पाटी उचललंय म्हणान खांदो दुखता." ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेले असतील हे कुणाच्या मनात येणार? पण ते ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं तर गर्भ नळीत राहण्याची भीती जास्त असते. शेतातच ती कोसळली. जीपमधून सावंतवाडी, तिथून बांदा, पत्रादेवी ओलांडून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात. रक्त दोन दिरांनी दिलं.

वाडीत सांगितलं, अपेंडिक्स. नवरा मुंबईला, वर ऑपरेशन झालेलं, लोक बोटांवर महिने मोजायला बसले असते. तीस वर्षांहून जास्त काळ वाडीत ते अपेंडिक्सच राहिलं. मला तिचा राग आला नाही, वाडीचा आला.

आता १०८ला फोन केला की गाडी येते, सोनोग्राफी तालुक्याला होते. पण कळ आली की आपण आधी ओवाच शोधतो. म्हणून सांगते. पाळी चुकलेली असेल, एका बाजूला दुखत असेल, डाग दिसत असेल, चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाला कळ असेल तर सकाळची वाट बघू नका. कॉपर-टी असली, ऑपरेशन झालेलं असलं तरीही. लवकर कळलं आणि नळी शाबूत असली तर काहींना मेथोट्रेक्सेटच्या, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनवर भागतं. मात्र त्यानंतर किमान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. दुसरी नळी चांगली असेल तर पुढे मूल होऊ शकतं, फक्त पुढच्या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते बघून घ्यायचं.

निघताना काकीने आमसुलांची पिशवी दिली. आता दर रविवारी फोन करते. बाकी सगळे 'काही गोड बातमी?' विचारतात. ती विचारते, "खांदो बरो मा?"