फेअरफर्डहून उडालेली विमानं

लंडनहून ब्रिस्टलच्या गाडीत बसलात की तासाभरात स्विंडन येतं. मुद्दाम उतरून बघावं असं फार काही नाही. जुना रेल्वे कारखाना, त्यात आता थाटलेली ब्रँडेड कपड्यांची दुकानं, पाच छोटे चौक एकमेकांत गुंतवून बनवलेला एक चौक, ज्यात मी अजूनही जीव मुठीत धरून गाडी घालते. आणि गोंयकार. इतके गोंयकार की दुकानात कोकम मागायला इंग्रजी लागत नाही.

पण या साध्यासुध्या गावाच्या दोन्ही अंगांना युद्ध आहे. उत्तरेला फेअरफर्डचा हवाई तळ, पश्चिमेला वूटन बॅसेट. भारतातून फोन आले की लोक विचारतात, ‘तिकडे सगळं शांत ना?’ शांतच आहे. इथून जे निघतं ते दुसरीकडे जाऊन पडतं.

मार्च २००३ मध्ये, इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा, मी इथे नव्हते, पण आमचे शेजारी होते. रेल्वे कारखाना १९८६ मध्ये बंद पडेपर्यंत त्यांनी तिथे काम केलं. आता पंचाहत्तरीचे आहेत, बागेत लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) लावतात आणि कुंपणावरून बोलतात. ते सांगतात, अमेरिकेची बी-५२ विमानं फेअरफर्डहून उडायची तेव्हा लोक तळाच्या जाळीबाहेर चहाचे फ्लास्क घेऊन उभे असायचे. काही घोषणा द्यायला, काही नुसते बघायला. आठ इंजिनांचं ते धूड छतावरून गेलं की कपाटातल्या बश्या वाजायच्या. मग घरी येऊन रात्रीच्या बातम्या लावायच्या. सहा-सात तासांनी टीव्हीवर बगदाद पेटलेलं दिसायचं. ‘आपण ज्याला टाटा केला तेच विमान असेल का हे, असं मनात यायचं,’ ते म्हणाले.

त्याआधी, १५ फेब्रुवारीला, ते बसनं लंडनच्या मोर्चाला गेले होते. पोलिसांच्या हिशेबानं साडेसात लाख माणसं, आयोजकांच्या हिशेबानं त्याच्या दुपटीहून जास्त. आयुष्यातला त्यांचा तो पहिलाच मोर्चा. महिनाभरानं, १८ मार्चला, संसदेत मतदान झालं: युद्धाच्या बाजूनं ४१२, विरोधात १४९. आदल्या दिवशी युद्धाला विरोध म्हणून मंत्री रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळातून राजीनामा दिला होता. एवढं सगळं लोकशाहीच्या रीतीनं झालं आणि तरीही व्हायचं ते झालंच. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात बोचते. हुकूमशहानं लोकांना न विचारता युद्ध केलं तर निदान कुणाला दोष द्यायचा ते कळतं.

पुढे शेजाऱ्यांचा पुतण्या सैन्यातून दक्षिण इराकमधल्या बसऱ्याला गेला. हातीपायी धड परत आला. त्याविषयी तो बोलत नाही आणि कुणी विचारत नाही.

वूटन बॅसेट तुमच्यापैकी काहींना बातम्यांमुळे आठवत असेल. एका रस्त्याचं बाजाराचं गाव. २००७ पासून इराक-अफगाणिस्तानात पडलेल्या सैनिकांच्या शवपेट्या जवळच्या लायनमच्या तळावर उतरू लागल्या आणि पुढे नेताना गाड्या याच रस्त्यानं जायच्या. सुरुवातीला सैनिक संघटनेचे चार म्हातारे उठून सलाम करायचे. मग दुकानदार बाहेर येऊ लागले, मग शेकडो लोक, मग टीव्हीचे कॅमेरे. कुणी ठरवलेलं नाही, सरकारनं सांगितलेलं नाही. ऑगस्ट २०११ पर्यंत ३४५ शवपेट्या गेल्या. राणीनं गावाला ‘रॉयल’ पदवी दिली. मोर्चाला गेलेले आमचे शेजारीही तिथे जाऊन उभे राहायचे. मी विचारलं, ‘युद्ध चूक होतं म्हणता, मग?’ ते म्हणाले, ‘पोरांनी थोडंच मतदान केलं होतं?’

पण मला तिथे आणखी एक गोष्ट खटकली आणि ती इथे उघड बोलायला मी कचरते. या पेट्या मोजल्या गेल्या. इराकमध्ये १७९ ब्रिटिश, अफगाणिस्तानात ४५७. आकडे पाठ आहेत लोकांना. बसऱ्यात मेलेल्या इराक्यांचा आकडा विचारा, कुणाला लाखाच्या घरात वाटतं, कुणाला माहीतच नाही. एकच नाव थोडं-थोडं ऐकलेलं असतं: बहा मूसा. बसऱ्यातल्या हॉटेलातला रिसेप्शनिस्ट. सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत मेला, अंगावर ९३ जखमा होत्या. चौकशी अहवाल आला २०११ मध्ये.

इराक युद्धाच्या चौकशीचा मुख्य अहवाल तर आणखी पुढे, जुलै २०१६ मध्ये. सर जॉन चिलकॉट यांच्या समितीनं सात वर्षं घेतली, बारा खंड झाले, सव्वीस लाख शब्द. निष्कर्ष दोन ओळींत मावतो: शांततेचे सगळे मार्ग संपलेले नव्हते, आणि सद्दाम गेल्यावर काय करायचं याची तयारी अगदीच अपुरी होती. हे तर फ्लास्क घेऊन जाळीबाहेर उभे असलेले लोक तेव्हाच म्हणत होते! एवढा सरकारी कागद खर्ची घालून त्यांना कळलं ते हे. मे २००३ मध्ये इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी अधिकारी पॉल ब्रेमर यांनी एका आदेशानं इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं, हातात बंदुका, खिशात पगार नाही. पुढे काय होणार हे ओळखायला संरक्षणतज्ज्ञ कशाला हवा? २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या हाती गेलं. तिथे अडकलेले ३९ भारतीय मजूर मारले गेल्याचं २०१८ मध्ये आपल्या सरकारनं जाहीर केलं, ते तुम्हाला आठवत असेल.

इथे इराकचा विषय निघाला की मी गप्प ऐकते असं लोकांना वाटतं, पण माझ्याकडे बसऱ्याची एक जुनी बाजू आहे. सातारा जिल्ह्यात आमच्याकडे बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धात इतके गेले, इतके मेले. त्यातले कितीतरी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं ते सहाव्या पूना डिव्हिजननं, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे इराकमधल्याच कूत गावी त्यांना तुर्की सैन्याचा वेढा पडला. घोड्याचं मांस खाववेना म्हणून कित्येक हिंदी शिपाई उपाशी खंगले. एप्रिल १९१६ मध्ये साधारण तेरा हजारांनी शरणागती पत्करली आणि त्यातले कितीतरी कैदेतच मेले. वर्षभरानं बगदाद पडलं तेव्हा ब्रिटिश जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला: आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांत इराकी उठले, तेव्हा त्यांना विमानांनी दडपलं. शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते लीकला पाणी घालायचे थांबले. शाळेत त्यांना कूत शिकवलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाई आता पक्की युद्धविरोधी झाली. तसं सोपं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

माझ्या मुलाचे केस कापणारा न्हावी इराकी कुर्द आहे, सुलेमानियाकडचा. १६ मार्च १९८८ ला हलबजावर सद्दामच्या विमानांनी विषारी वायू सोडला, त्यात पाचेक हजार माणसं गेली. तेव्हा हा लहान होता. १९९१ मध्ये कुर्दांचं बंड फसलं आणि लाखो लोक बर्फातून डोंगरांत पळाले, त्यांत त्याचं घर होतं. मग ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी वरचं आकाश राखलं, सैनिकांनी तंबू ठोकले, लोक खाली उतरले. त्याच्यासमोर ‘परकीय हस्तक्षेप वाईटच’ असं म्हणायची माझी छाती होत नाही. २००३ बद्दलही तो म्हणतो, ‘सद्दामला काढलं ते बरोबर. नंतरचं विचारू नका.’

आणि आपण तरी कुठे कायम घरात बसलो? १९७१ चा मला अभिमान आहे, कुणाला नाही? एक कोटी निर्वासित दारात होते, डिसेंबरात युद्ध झालं, मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परतलंही. पण १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली. करार करून, निमंत्रणावरून. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याशीच लढत बसलो, बाराशेच्या आसपास जवान गमावून १९९० मध्ये परत आलो. दोन्ही वेळा हेतू चांगलाच सांगितला होता. फरक मला दिसतो तो परतीच्या वाटेचा. एकदा ती आधी ठाऊक होती, एकदा नव्हती. २००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडेही इराकसाठी सैन्य मागितलं होतं आणि जुलैत वाजपेयी सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नको म्हणून सांगितलं. केवढ्या गावांत नव्या पाट्या लागायच्या टळल्या!

या देशाचं नागरिकत्व घेतल्यापासून मला हे जास्त छळतं. पूर्वी ‘त्यांची युद्धं’ म्हणता यायचं. आता माझ्या पगारातून कर जातो आणि मतही देते. २०११ मध्ये लिबियावर कारवाईला संसदेनं ५५७ विरुद्ध १३ मतांनी मान्यता दिली. पाच वर्षांनी संसदेच्याच समितीनं ती कारवाई चुकीच्या गृहीतकांवर होती असा अहवाल दिला. सिरियाला २०१३ मध्ये संसद नाही म्हणाली, तेव्हा वाटलं, शहाणपण आलं. पण २०१८ मध्ये सिरियावर आणि जानेवारी २०२४ मध्ये येमेनच्या हुती बंडखोरांवर हल्ले झाले ते आधी मतदान न घेताच. कायद्यानं पंतप्रधानाला संसदेला विचारण्याचं बंधनच नाही, हे मला नागरिकत्वाच्या परीक्षेत कुणी विचारलं नाही.

म्हणून आमच्या खासदारांना पत्र लिहिलं: सैन्य पाठवण्याआधी मतदान सक्तीचं करा, आणि परत कधी व कसं यायचं हे त्याच प्रस्तावात लिहा. उत्तर आलं. छापील लेटरहेड, सैनिकांच्या शौर्याबद्दल एक परिच्छेद, माझ्या प्रश्नाबद्दल काही नाही.

न्हाव्याला ते सांगितलं. मुलाच्या कानामागे मशीन फिरवता फिरवता तो म्हणाला, ‘१९९१ मध्ये लंडनला आधी वाद, मग मतदान, मग परतीचा आराखडा असं चाललं असतं, तर आम्ही डोंगरावरच मेलो असतो, ताई.’ ‘आणि २००३ मध्ये तसं झालं असतं तर?’ मी विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. खासदारांना दुसरं पत्र पाठवायचं आहे, पण त्यात ती सक्तीची अट ठेवायची की नाही, यावर मी अडले आहे.