जुन्या बुलेटवर वरंधा आणि आंबेनळी: गिअर अडकण्याची कारणे शोधत केलेली फेरी

पुण्याहून भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर आणि परत पाचगणी, वाईमार्गे पुणे, असा हा मार्ग होता. गाडी कास्ट आयर्न इंजिनाची जुनी साडेतीनशे सीसी बुलेट: चार गिअर, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. ज्यांचा पाय या उलट्या रचनेला सरावलेला नाही, त्यांनी अशी गाडी घेऊन थेट घाटात उतरू नये, कारण गडबडीच्या क्षणी ब्रेक समजून पाय गिअरवरच पडतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्लच प्लेटा तेलामुळे एकमेकींना चिकटतात. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी क्लच पूर्ण दाबून दोन-चार वेळा किक खाली न्यावी. ती फारसा विरोध न होता जाऊ लागली की प्लेटा सुटल्या असे समजावे. हे न केल्यास पहिला गिअर टाकताना मोठा आवाज होऊन गाडी पुढे झेपावते आणि अनेकजण तेवढ्यावरून गिअरबॉक्सला दोष देऊन मोकळे होतात.

कात्रज ओलांडून खेड शिवापूरपर्यंतच्या वाहतुकीत खरी तक्रार दिसू लागली. गाडी थांबली की न्यूट्रल सापडत नव्हता आणि जसजशी गाडी तापत होती तसतसा पहिला गिअरही जड पडत होता. कापूरहोळला, भोरच्या फाट्यावर, गाडी मेन स्टँडवर घेऊन दोन गोष्टी तपासल्या. इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवत गिअर टाकले असता चारही गिअर विनातक्रार पडले. नंतर इंजिन सुरू करून, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, तर मागचे चाक जोराने फिरत राहिले. तेलाच्या ओढीने चाक थोडे फिरणे स्वाभाविक आहे आणि ब्रेकवर जरा पाय ठेवताच ते थांबते. पण ब्रेक लावूनही ते जोराने फिरत राहिले, तर क्लच पूर्ण सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्लच सुटला नाही की आतले दात एकमेकांवर दाब धरून राहतात आणि दाबाखालचा दात जागचा सरकत नाही. अशा वेळी पायाने जोर लावल्यास गिअर टाकणारे फोर्क वाकतात, म्हणजे किरकोळ कामाचे मोठे काम होते.

कारण क्लच वायरीत होते. वायर ताणली गेल्यामुळे हँडलवरच्या लिव्हरला हवी त्यापेक्षा पुष्कळ मोकळीक आली होती. लिव्हरच्या मुळाशी सुमारे २ ते ३ मिलिमीटर मोकळीक पुरते. ती जास्त असेल तर गिअर अडकतात आणि अजिबात नसेल तर चढावर क्लच घसरतो; या दोन तक्रारींची उलटापालट करू नये. वायरीचा अ‍ॅडजस्टर संपलेला असल्यास गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचे छोटे झाकण काढून आतला स्क्रू आणि त्याला जागी धरणारा चेकनट लावून घ्यावा लागतो. मला तिथवर जावे लागले नाही. वायरीचा अ‍ॅडजस्टर फिरवल्यावर भोरमधल्या गर्दीत न्यूट्रल नीट मिळू लागला. तरीही या गाडीवर न्यूट्रल शोधायचा तो गाडी पूर्ण थांबण्याआधी, चाक फिरत असतानाच. टाचेने दाबायचा न्यूट्रलचा वेगळा लिव्हर याच कामासाठी दिलेला आहे, पण तो पहिल्या गिअरमधून चालत नाही.

भोर सोडल्यावर नीरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता चढत जातो. वाघजाई मंदिराजवळच्या टपऱ्यांवर भजी उत्तम मिळतात, मेकॅनिक मिळत नाही. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात, म्हणून भोरमध्ये चौकशी करूनच पुढे जावे.

दुसरी तक्रार महाडकडच्या उतारावर आली आणि ती पहिलीपेक्षा धोक्याची होती. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना गिअर मधेच राहायचा, म्हणजे ज्याला आपण फॉल्स न्यूट्रल म्हणतो तो. उतारावर असे झाले की इंजिनाचा अडसर नाहीसा होऊन गाडी एकदम मोकळी सुटते. अशा वेळी आधी दोन्ही ब्रेकांनी वेग कमी करावा, गिअरच्या दांडीवर पाय आपटत बसू नये. वेग आटोक्यात आल्यावर क्लच दाबून, जरासा थ्रॉटल देऊन गिअर पुन्हा शांतपणे टाकावा. वळणात शिरण्याआधीच हवा तो गिअर पडलेला असावा, हा नियम इथे फार कामाचा आहे.

महाडच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला लगेच मिळाला. क्लच आता नीट सुटत होता आणि बिघाड फक्त वरच्या दिशेने, म्हणजे गिअर उतरवतानाच होत होता, हे दाखवून मी आधी बाहेरचे भाग पाहण्याचा आग्रह धरला. गिअरची दांडी तिच्या खाचांवर किंचित हलत होती, तो बोल्ट आवळला. त्याने निम्मा फरक पडला. उरलेले काम गिअरच्या यंत्रणेतील स्टॉप प्लेटचे होते: तिचे नट सैल करून प्लेट किंचित सरकवली की पायाची चाल दोन्ही दिशांना सारखी होते. एकाच दिशेला गिअर चुकत असेल, तर या प्लेटकडे पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स खोलू देऊ नये. मात्र पडलेला गिअर जोर येताच आपोआप सुटत असेल, तर दात किंवा फोर्क झिजलेले असतात आणि तिथे गिअरबॉक्स उघडण्यास पर्याय नसतो.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे सुमारे ४० किलोमीटर अंतर बहुतांशी दुसऱ्या गिअरचे आहे. वाडा कुंभरोशीला, प्रतापगडच्या फाट्यावर, थांबून तापलेल्या गाडीची क्लचची मोकळीक पुन्हा पाहिली, कारण थंड आणि गरम गाडीत ती बदलते. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे या चढावर झाल्यास मोकळीक तपासावी.

तेलाबद्दल एक सांगायला हवे. या बुलेटमध्ये इंजिन, क्लचची प्रायमरी (इंजिनाला क्लचशी जोडणाऱ्या साखळीचा भाग) आणि गिअरबॉक्स यांचे तेल वेगवेगळे असते. इंजिनाचे तेल नवे आहे म्हणून गिअर हलके पडतील असे मुळीच नाही. तिन्ही पातळ्या स्वतंत्रपणे पाहाव्यात. काही ठिकाणी गळती थांबवण्यासाठी गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरतात आणि ते जास्त झाले तर महाबळेश्वरच्या थंडीत सकाळचे गिअर हमखास जड पडतात. तिन्हीसाठी एकच तेल असलेल्या जुन्या शंभर सीसी गाड्यांत कारचे तेल ओतू नये, डब्यावर ‘जासो एमए’, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, असे लिहिलेले पाहून घ्यावे.

पसरणी घाटातून वाईपर्यंतची उतरण निर्विघ्न पार पडली. सुटी क्लच वायर डिकीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरीच्या बाजूनेच ओवून टेपने बांधून ठेवावी, म्हणजे घाटात टाकी न काढता फक्त दोन टोके अडकवायची राहतात. बांधताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहून घ्यावे.