तुम्ही विचारलंत म्हणून: १४ डीबी म्हणजे किती व्होल्ट?

अहिराणी ओव्या, कानबाईची गाणी रेकॉर्ड करणारी धुळे-जळगावकडची मंडळी हमखास विचारतात, "माइकच्या कागदावर सेल्फ-नॉइज १४ डीबी-ए लिहिलंय, तरी एवढी सरसर का?" सेल्फ-नॉइज म्हणजे माइकचा स्वतःचा आवाज, आणि डीबी-ए म्हणजे माणसाच्या कानाला जे सूर कमी ऐकू येतात ते कमी धरून (ए-वेटेड) मोजलेले डेसिबल. त्या एका आकड्यावरून ते कळत नाही. शेजारची सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे ठरावीक आवाजाला माइक किती व्होल्टेज देतो तेही, बघावी लागते.

बाहेर १४ डीबीचा आवाज असता तर माइकने जेवढं व्होल्टेज दिलं असतं, तेवढं तो पूर्ण शांततेतही देतो, असा त्या आकड्याचा अर्थ. सेन्सिटिव्हिटी १ पास्कलला, म्हणजे ९४ डीबीला मोजतात. ९४ मधून १४ गेले, राहिले ८०. त्याला २० ने भागा, ४ आले. (१० ने भागू नका, ते पॉवरचं गणित.) १० चा चौथा घात १०,०००. सेन्सिटिव्हिटी २० मिलिव्होल्ट असेल तर तिला १०,००० ने भागून सेल्फ-नॉइज येतो २ मायक्रोव्होल्ट.

आता रेकॉर्डर. माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा त्यातला भाग म्हणजे प्रीअँप; त्याचा नॉइज कागदावर ईआयएन म्हणून, डीबीयूमध्ये (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत) देतात. ईआयएन उणे १२० डीबीयू असेल तर प्रीअँपचा नॉइज ०.७७ मायक्रोव्होल्ट. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: २.१४. वाढ जेमतेम ०.६ डीबी. पण माइक ५ मिलिव्होल्टचा असेल, तर त्याच १४ डीबीचे ०.५ मायक्रोव्होल्टच होतात आणि बेरीज ०.९२ वर जाते. वाढ ५.३ डीबी, म्हणजे १४ चा माइक १९ चा झाला. सरसर इथून येते! म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: साधा रेकॉर्डर असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा माइक घ्या. ५ डीबी सेल्फ-नॉइजच्या माइकमागे धावू नका. खोलीतच ३० डीबी-ए असतील तर २० मिलिव्होल्टच्या माइकमधून त्यांचेच १२.६ मायक्रोव्होल्ट येतात.

माइकचा सेल्फ-नॉइज आणि रेकॉर्डरचा ईआयएन, दोन्ही आकडे ए-वेटेड आहेत ना, हे आधी बघा. नाहीतर तुलना चुकते. जुन्या कागदांवर सेन्सिटिव्हिटी मायक्रोबारला (०.१ पास्कल) दिलेली असते, तिथे २० डीबीचा फरक पडतो.

डायनॅमिक माइकच्या (चुंबकात हलणाऱ्या तारेच्या कॉइलवर चालणाऱ्या) कागदावर सेल्फ-नॉइज बहुधा नसतोच. तिथे कॉइलच्या रोधाचा उष्णताजन्य नॉइज धरा: १५० ओहम रोध आणि २० किलोहर्ट्झचा पट्टा धरला तर ०.२२ मायक्रोव्होल्ट. भुसावळच्या उन्हाने तो वाढतो का? वाढतो, पण हिशेब केल्व्हिनमध्ये होतो. २० अंशांवरून ४५ वर गेलं तरी फक्त ०.३६ डीबी. मे महिन्यात सरसर जास्त वाटली तर आधी कूलर बंद करून ऐका.