मागे बसलेली बासरी

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर झी मराठीच्या सारेगमप लिटिल चॅम्प्सचे जुने व्हिडिओ लावले, ते २००८-०९ चं पर्व, आर्या, प्रथमेश, कार्तिकी, मुग्धा आणि रोहितचं, आणि एक झाला की दुसरा असं करता करता दोन वाजले. तेव्हा आमच्या घरात चक्क दोन पार्ट्या होत्या, आई आर्याकडून आणि बाबा पक्के कार्तिकीचे, आळंदीची पोर म्हणून. २००९ च्या फेब्रुवारीत तीच जिंकली आणि बाबांनी पेढे वाटले.

पण या वेळी माझं लक्ष सारखं मागे बसलेल्या वादकांकडे जात होतं, त्यातही अमर ओक यांच्या बासरीकडे. ध्रुवपद संपून कडवं सुरू व्हायच्या मधे ती यायची ना, तेव्हा आजी हात वर करून सगळ्यांना गप्प करायची, "थांबा रे, बासरी वाजतेय." आजी गाणं शिकलेली वगैरे नव्हती, पण पुढच्या गाण्याला ती बासरीची वाट बघायची.

आता मी स्वतः सहा वर्षं बासरी शिकतोय त्यामुळे कळतं की ते काम किती अवघड आहे. कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी, म्हणजे गाण्याचा सा (आधाराचा सूर), बदलते, बासरीला ती सोयच नाही, बांबू कापून भोकं पाडली की तिचा सा ठरला तो ठरला. एक मूल काळी एकमध्ये (पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली ही सुरांची नावं) गाणार, दुसरं काळी चार, तिसरं पाच, म्हणजे दर गाण्याला वेगळी बासरी उचलायची, लांबी वेगळी, बोटांमधलं अंतर वेगळं, फुंकसुद्धा वेगळी, आणि पहिला सूर मात्र अगदी नेमका लागायला हवा. तबल्याचंही तसंच, गाणाऱ्याच्या सा ला हातोडीने ठोकून लावून घ्यायचा. त्यात प्रथमेशसारखा मुलगा नाट्यगीत म्हणताना एखादी जागा लांबवणार, तान घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार, तेव्हा ठेका धरून थांबायचं आणि बरोबर समेवर त्याला भेटायचं. हे वर्षानुवर्षं रियाज केल्याशिवाय येत नाही हो!

आर्या तिच्या आईकडे, श्रुती आंबेकरांकडे शास्त्रीय शिकलेली, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. मुलांच्या तालमीबद्दल आपण भरभरून बोलतो आणि ते बरोबरच आहे, पण वादकांची तालीमही तेवढीच मोठी असते आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. हल्ली बासरीचा तुकडा सुरू झाला की कॅमेरा लगेच परीक्षकांच्या चेहऱ्यावर जातो. मला तिथे बोटं बघायची असतात, स्क्रीनवर वादकाचं नाव हवं असतं, चार सेकंद तरी.

त्या पर्वातले नाट्यसंगीताचे भाग मला अजून पूर्ण सापडलेले नाहीत, सगळे तुकडेच आहेत आणि बहुतेकांत मधली बासरी कापलेली आहे. कुणाकडे अख्खे असतील तर प्लीज कळवा.