तुम्ही विचारलंत म्हणून: एकूण किती?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेत पासबुक भरताना विचारतात, परवा तर एकाच्या दहाव्याला नदीकाठी उभा होतो तिथं एकानं कानाशी येऊन विचारलं, "किती झाली आता?" म्हणजे माझ्या शेडमधली कुत्री. इथं बेळगावजवळच्या खानापुरात मराठीतून, बैलहोंगलकडचा कुणी भेटला तर कानडीतून "नायी एष्ट अदावरी?" प्रश्न तोच.

उत्तरं मात्र मी वेगवेगळी देतो. पंचायतीत सोळा. शेजाऱ्यांना वीस-बावीस. डॉक्टरना खरा आकडा, कारण लशीच्या कुप्या त्या हिशेबानं आणायच्या असतात. बायकोला सांगावं लागत नाही. गिरणीतून आणलेली तांदळाची कणी आणि चिकनवाल्याकडचे पाय-गळे तीच रोज हळद घालून शिजवते, पातेलं किती भरतंय त्यावरून तिला कळतं. तुम्हाला वाटतं मी लपवतो. लपवतोच. का, ते एकदा सांगून टाकतो.

आकडा ऐकून कुणी गप्प बसत नाही. एकवीस म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग बाविसावं काय जड हाय? आमच्या परड्यात एक हाय बगा, लई गरीब." एवढं गरीब असतं तर तुम्हीच ठेवलं असतंत, हे मी तोंडावर म्हणत नाही. (एकदा म्हटलंय. त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, ते बायको अजून ऐकवते.)

"एकानं काय होतंय" हे वाक्य मला नवीन नाही. एकतीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होतो. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, हल्याळ. "मागं सरका, मागं सरका, एकानं काय होतंय" हे मी दिवसातून शंभरदा म्हणायचो. आणि खरंच काही व्हायचं नाही. पायरीवर दोघं लोंबकळत असले तरी खानापूर आलं की सगळे उतरायचे. गाडी रिकामी, हिशेब चोख. माझ्या शेडमध्ये कुणी उतरत नाही. वर्षाला चार-पाच पिल्लं लोक घेऊन जातात, तीही नर, तीही तांबडी-पांढरी. काळ्याला कोण हात लावत नाही. ऊसतोडीची टोळी माघारी गेली की एखादं मागं राहतं, गोव्याच्या रस्त्यावर गाडीखाली सापडून पाय मोडलेलं येतं. कमी होतं ते म्हातारपणानं, नाहीतर जंगलाकडून बिबट्या येतो तेव्हा.

आणि हो, 2025 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं शाळा, दवाखाने, बसस्टँड इथली कुत्री हलवायला सांगितली, तेव्हापासून माझा फोन बंद नाही. ते काम स्थानिक संस्थांचं आहे, माझं नव्हे. गल्लीतल्या कुत्र्याला 2023 चा नियम आहे: नसबंदी करा, लस टोचा, उचललं तिथंच सोडा. हे सांगितलं की पलीकडचा म्हणतो, "मग तुमचा उपयोग काय?" त्याला काय सांगणार?

2019 साली निवृत्त झालो तेव्हा फाटकावर मी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: 'इथून कुणालाही परत पाठवत नाही.' पुढं त्यावर चुना मारला. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. दर आषाढात चुना धुऊन जातो आणि अक्षरं वर येतात.

2021 चा जुलै, महापुराचा. शाळा कोरोनानं बंद. एक पोरगं सायकलवरून आलं, बारा वर्षांचं असेल. डोक्यावर पोत्याची खोळ, शर्टाच्या आत पिल्लू. "काका, एकच हाय." त्या दिवशी माझ्याकडे मोठी चौदा आणि पिल्लं नऊ. पिल्लांची लस राहिली होती, पाऊस उघडला की करू म्हणत होतो.

नवं पिल्लू चौदा दिवस वेगळं ठेवायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. वेगळं ठेवायची खोलीही होती, पण त्या खोलीत आम्ही पावसाळ्याचं सरपण भरलं होतं. म्हणून पिल्लाला स्वयंपाकघराच्या दारात, टोपलीत ठेवलं. रात्री ते रडायला लागलं. अकरा वाजले, बारा वाजले. दोनच्या सुमारास मी उठलो, त्याला उचललं आणि शेडमधल्या नऊ पिल्लांच्या ढिगात नेऊन ठेवलं. क्षणात गप्प. मला बरं वाटलं. खरं ते लिहायचं तर फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. मग उलटी, मग रक्ताचा पातळ जुलाब. तो वास आला आणि मी शेडच्या दारातच थांबलो. पार्वो, पिल्लापिल्लांत पसरणारा जुलाबाचा रोग. मी फरशी फिनेलनं धुतली, तीन-तीनदा धुतली. फिनेलनं हा विषाणू मरत नाही, ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, हे डॉक्टरनी फोनवर सांगितलं तोवर उशीर झाला होता. रस्ता पाण्याखाली, त्यांना येता येईना. घरात सलाईनच्या सहा बाटल्या होत्या. बाटली कोमट पाण्याच्या घागरीत ठेवायची, मग मानेवरच्या कातड्याखाली थोडं थोडं सोडायचं. गार सलाईन गेलं तर पिल्लू आणखी गार पडतं. वीज नाही. बायको बॅटरी धरून बसायची, मी सुई धरायचो.

पोराचं पिल्लू सहाव्या दिवशी गेलं. त्यानंतर चार दिवस काहीच नाही. मला वाटलं सुटलो, बायकोला तसं बोललोही. मग गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, रविवारी दोन. नवातली दोन वाचली. काजूखाली खड्डा खणला की पाणी भरायचं. ते डब्यानं उपसायचं, चुना टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फाटकावर अक्षरं लिहिणारा तो माणूस माझ्याशी अजून भांडतो. म्हणतो, तू नको म्हटलं असतंस तर ते पिल्लू रस्त्याकडेला पोत्यात मेलं असतं. मी म्हणतो, मेलं असतं खरं, पण एकटं मेलं असतं. तो म्हणतो, हे तू मोजून बोलतोस, कंडक्टर आहेस. मी म्हणतो, मोजलं नाही म्हणून तर सात गेली. तो म्हणतो, लस वेळेवर केली असतीस तर दोन वाजता उठलास तरी काही बिघडलं नसतं; दोष उठण्याचा नाही. इथं माझ्याकडे उत्तर नसतं. मग मी त्याला सरपणाची आठवण करून देतो, आणि तो मला.

पाऊस ओसरल्यावर पोरगं आलं. "काका, माझं कुठाय?"

"गोव्याला दिलं," मी म्हणालो. "मोठं घर आहे. अंगण आहे."

"पट्टा हाय?"

"लाल."

आता ते पोरगं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. स्टँडवर भेटलं की विचारतं, गोव्यातलं कसं हाय. मी सांगतो. गेल्या दिवाळीत सांगितलं, वजन वाढलंय, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय. तो हसला. मग म्हणाला, "आणि एकूण किती आहेत आता?" तुमच्यासारखंच. त्याला मी खरा आकडा सांगितला, आणि त्यात एक जास्त धरला.

त्या शेडमध्ये लस न झालेलं पिल्लू मी पुढं दोन वर्षं पाऊल टाकू दिलं नाही. विषाणू मातीत टिकून राहतो. या काळात किती जणांना परत पाठवलं ते मोजलेलं नाही. ती पिल्लं कुठं गेली तेही तुम्ही मला विचारू शकता. कुणी विचारत नाही.

सरपण आता मांडवाखाली असतं, खोली रिकामी ठेवतो. काल संध्याकाळपासून तिथं एक आहे. बिस्किटाच्या खोक्यातून फाटकापाशी ठेवून कुणीतरी गेलं, काळं आहे, मादी आहे. रात्रभर रडत होतं. मी अंथरुणात बसून राहिलो. बायकोनं अंधारातच विचारलं, "हिला धरलं काय आकड्यात?"

म्हटलं, चौदा दिवस होऊ देत.