अर्धी दाणेदार, अर्धी डस्ट

शेजारच्यांनी उसनी नेलेली वाटीभर चहापूड परवा परत आली. शेजारधर्माला जागून नेली त्यापेक्षा शिगोशीग भरून आली. आमच्या कन्येने ती दारातच घेतली, थेट डब्यात ओतली आणि वर डबा हलवूनही ठेवला. मला पत्ता लागला तो दुपारी चारला, पहिल्याच घोटाला. चहा वाईट होता असं नाही. रंग छान, वासही बरा. पण तो आमचा नव्हता. मध्येच कुठूनतरी वेलदोडा डोकावत होता.

"चहाच आहे ना शेवटी?" कन्या म्हणाली. चहा म्हणून पीचच्या वासाचं थंडगार पाणी पिणाऱ्यांशी या विषयावर वाद घालू नये, म्हणून गप्प बसले. आता तो डबाभर ऐवज टाकवतही नाही आणि पिववतही नाही.

आमच्याकडे अर्धी दाणेदार, अर्धी डस्ट. वेलदोडा नाही, मसाला नाही. आलं थंडीत, गवती चहा पावसाळ्यात, एरवी नुसता चहा. रोजच्या चहाने स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ नये असं माझं मत आहे. हे प्रमाण काही मी ठरवलेलं नाही. पुरणयंत्राबरोबर तेही माहेरून आलं.

नाशकात मेनरोडवरून आत वळलं की चहाचं एक दुकान होतं. नुसत्या चहाचं. आत प्लायवुडच्या मोठ्या पेट्या, कडांना पत्रा ठोकलेला, आतून चंदेरी कागद, बाहेर मळ्याचं नाव आणि प्रतीची इंग्रजी अक्षरं. बीओपी, बीपी, पीडी. वाचायला नुकती शिकलेली मी ती मोठ्याने वाचायचे आणि शेठ कौतुकाने मान डोलवायचे. या पेटीतून एक फावडं, त्या पेटीतून एक. रद्दी कागदावर ढीग घालून तो ते हाताने वरखाली करत, पुडा बांधत आणि छतावरच्या रिळातून दोरा ओढून झटक्यात तोडत. तो झटका मला कधीच जमला नाही, बोट मात्र कापायचं.

पुडा बांधण्याआधी अण्णा चिमूटभर पूड तळहातावर घेत. बोटाने पसरून काड्या किती ते बघत आणि मग हलकी फुंकर मारत. भुसकट उडालं की शेठकडे एक नजर. "अण्णा, पावसाचा माल आहे तो," शेठ कबूल करत. मे-जूनमध्ये खुडलेला आसामचा चहा अंगाने भरलेला असतो. पावसात झाडं भराभर वाढतात, माल उदंड येतो, पण चव पातळ होते. दोघांनाही हे ठाऊक असायचं, तरी दरवर्षी त्यावर नव्याने बोलणं व्हायचं.

एवढ्यावर अण्णांचं समाधान होत नसे. घरी आल्यावर काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन ते वरून चिमूट सोडत आणि ग्लास खिडकीत ठेवत. खरा चहा गार पाण्यात रंग सोडायला वेळ घेतो, रंग चोपडलेली पूड असली तर पाणी लगेच लाल होतं. आम्ही भावंडं नाकं टेकवून बघत बसायचो. पाणी कधीच लाल झालं नाही, आणि अण्णा दरवेळी किंचित हिरमुसायचे.

डस्ट म्हणजे कारखान्यात झाडून गोळा केलेला कचरा, असं अजूनही कितीतरी लोकांना वाटतं. तसं काही नसतं. आसामात 1930 च्या सुमारास मॅकर्चर नावाच्या साहेबाने दातेरी रुळांचं यंत्र काढलं. त्यात पान चिरडतं, फाटतं आणि वळून त्याची गोळी होते. हाच आपला सीटीसी. पुढे सगळं चाळणीचं काम: मोठे दाणे एका प्रतीत, बारीक दुसऱ्या, सगळ्यांत बारीक ती डस्ट. ती आधणात पडल्यापडल्या उतरते, रंग आणि कडकपणा देऊन मोकळी होते. दाणेदारला उकळायला वेळ लागतो, पण वास तिच्याकडे. टपरीवाल्याला वेळ नसतो म्हणून तो डस्ट वापरतो. घरात वेळ असतो, असं निदान पूर्वी होतं.

एकदा कुणीतरी दार्जिलिंगचा डबा भेट दिला होता. आईने त्यात आलं ठेचून घातलं, दूध ओतलं, खदखदा उकळलं आणि "पानचट आहे" असा निकाल दिला. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात. आसामच्या राकट पुडीला ते मानवतं, दार्जिलिंगचा मात्र त्यात जीव जातो. हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता. तो डबा पुढे मोहरी ठेवायला झाला.

इंग्रजांच्या काळात चहा खपवणाऱ्या मंडळींनी चहा कसा करावा याच्या सूचना देशी भाषांतून छापून स्टेशनांवर पाट्या लावल्या होत्या. ताजं पाणी उकळा, माणशी चमचाभर पूड घाला, झाकून मुरू द्या, दूध-साखर वरून. चहात मसाले घालणाऱ्यांवर त्यांचा राग होता, कारण मसाला घातला की पूड कमी लागते. आपण त्या पाट्यांखालीच उभं राहून दुधात उकळलेला चहा प्यालो.

लग्नानंतर बंगळुरूला आले तेव्हा नाशिकहून पुडा बरोबर होता. तोच पुडा, तेच माप, तरी चहा मळकट आणि वर तवंग. पुडीला नावं ठेवून झाली, मग दुधाला. खोड होती बोअरच्या पाण्यात. जड पाण्यात चहा खुलत नाही आणि कपाच्या कडेला तपकिरी कड धरतो. तेव्हापासून आधणाला फिल्टरचं पाणी, भाजीला काहीही.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी आईबरोबर त्या दुकानात गेले. पेट्या जाऊन गोण्या आल्या होत्या, गल्ल्यावर शेठचा मुलगा. त्याने न विचारता दोन्हीकडून फावडं भरायला घेतलं. आई म्हणाली, "नुसती दाणेदार दे."

वाटेत मी विचारलं. तिला डस्ट कधी आवडलीच नव्हती. घशाला लागते म्हणे. अण्णांना कडक हवा, तिला बेताचा, म्हणून लग्न झाल्यावर अर्धं-अर्धं ठरलं आणि तेच पुढे चाललं. मी ज्याला आमच्या घराची चव समजून बंगळुरूपर्यंत वागवली, ती त्या दोघांची तडजोड होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चहावरून कोण बोलतं गं," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करायला लागली.